एसीवर गुमान चार्ज होते, फास्ट चार्जरवर रुसते: बिघाड कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा: इलेक्ट्रिक गाडी एसी (घरात येते तशा विजेच्या) चार्जरवर रात्रभर बिनतक्रार चार्ज होते. डीसी (बॅटरीसारख्या एकदिश विजेच्या) फास्ट चार्जरला लावली की कधी सुरूच होत नाही, तर कधी सुरू होऊन दहा-बारा मिनिटांत बंद पडते. स्कॅनरवर ‘चार्जिंग खंडित’ अशा अर्थाचा एकच मोघम कोड येतो. चार्जिंग इनलेट (केबलची ‘गन’ जिथे बसते ते गाडीवरचं सॉकेट) बदलून झाला, फरक शून्य. आता ऑन-बोर्ड चार्जर (एसीचं डीसी करणारा गाडीतला डबा) बदलावा का?

नको. फास्ट चार्जिंगमध्ये करंट ऑन-बोर्ड चार्जरमधून जातच नाही. एसीचं डीसी करायचं काम स्टेशनवरच्या कपाटात उरकतं. तयार डीसी इनलेटच्या खालच्या दोन जाड पिनांतून आत येतो आणि डीसी कॉन्टॅक्टर (उच्च व्होल्टेज जोडणारा-तोडणारा मोठा रिले) ओलांडून थेट बॅटरी पॅककडे जातो. ऑन-बोर्ड चार्जर तेव्हा बाजूला बसून असतो. मात्र काही गाड्यांत स्टेशनशी बोलणारा कंट्रोलर किंवा डीसी कॉन्टॅक्टर ऑन-बोर्ड चार्जरच्याच डब्यात बसवलेले असतात. तेवढं वायरिंगच्या आकृतीत पाहून घ्या. तसं नसेल तर तो डबा डोक्यातून काढून टाका. पुढचं सगळं मी सीसीएस-२ (एसी आणि डीसी दोन्ही पिना असलेली चार्जिंगची पद्धत) धरून लिहितोय. चाडेमो आणि जीबी/टी या दुसऱ्या पद्धतींचं संभाषण कॅन या डेटा-तारांच्या जोडीवर चालतं, त्यामुळे त्यातला सुरुवातीचा भाग वेगळा असतो. उष्णता, सेल आणि इन्सुलेशन यांचं गणित सगळीकडे एकच.

‘एसीवर ठीक चालते’ या वाक्यावर आपण जरा जास्तच विसंबतो. हिशेब करून पाहा. पॅक ३५० व्होल्टचा आहे आणि एसीवर ७ किलोवॉटने चार्ज होतोय, म्हणजे बॅटरीत जाणारा करंट साधारण २० अँपिअर. तीच गाडी फास्ट चार्जरवर २०० अँपिअर घेते. करंट दहापट झाला, पण जोडात होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे शंभरपट. एखाद्या लगखाली (केबलच्या टोकाचा, बोल्टने कसायचा डोळा) १ मिलिओहम फालतू रेझिस्टन्स असेल तर २० अँपिअरला तिथे ०.४ वॉट उष्णता होते. हाताला कळणारही नाही. २०० अँपिअरला तिथेच ४० वॉट होते, म्हणजे त्या लगमध्ये सोल्डरिंग आयर्न पेटवून ठेवल्यासारखं. सेलचंही तसंच. एखाद्या सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स बाकीच्यांपेक्षा १ मिलिओहमने जास्त असेल, तर एसीवर त्याचा व्होल्टेज इतरांपेक्षा फक्त ०.०२ व्होल्ट वर दिसतो, डीसीवर ०.२ व्होल्ट. दुसऱ्या आकड्याला बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारा कंट्रोलर) झोपून राहत नाही. त्यामुळे एसीवरून एवढंच कळतं की बीएमएस जागा होतो, मुख्य कॉन्टॅक्टर बसतात, अर्थ जोडलेला आहे आणि कंट्रोल पायलटची (स्टेशन आणि गाडी यांच्यातल्या इशाऱ्यांची) तार तुटलेली नाही. डीसी पिना, डीसी कॉन्टॅक्टर, डिजिटल संभाषण, कूलिंग आणि जास्त करंटखाली सेल कसे वागतात, यांबद्दल एसी तुम्हाला काहीच सांगत नाही.

आता मुद्द्यावर येतो. ‘सुरूच होत नाही’ आणि ‘दहा मिनिटांनी बंद पडते’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. जॉब कार्डवर त्या एकाच ओळीत लिहिल्या की निदान तिथेच भरकटतं. फास्ट चार्जिंग कधीही एकदम सुरू होत नाही, ते पायऱ्यापायऱ्यांनी चढतं. सेशन कुठल्या पायरीवर मेलं हे कळलं की निम्मी गाडी संशयाबाहेर जाते. म्हणून स्कॅनर लावायच्या आधी मी स्टॉपवॉच लावतो. गन बसल्यापासून लॉकचा ‘खट्’ कितव्या सेकंदाला आला, कॉन्टॅक्टरचा जाड ‘टक’ आला की नाही, पहिला अँपिअर कधी दिसला आणि बंद पडताना करंट हळूहळू उतरला की कापल्यासारखा गेला, हे सगळं कागदावर येतं.

पहिली पायरी कंट्रोल पायलटची. या एका तारेवर १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल असतो. गाडी जोडलेली नसताना वरची पातळी १२ व्होल्ट, जोडल्यावर ९, आणि गाडी तयार झाली की ६. डीसी स्टेशन या सिग्नलची ड्यूटी (वरच्या पातळीवर राहण्याचं प्रमाण) ५ टक्के ठेवतं. त्याचा अर्थ, ‘इथे नुसत्या इशाऱ्यावर भागणार नाही, डिजिटल बोलायचंय’. इथे ऑसिलोस्कोपच लागतो. मल्टिमीटर लावाल तर जवळपास उणे ११ व्होल्ट दिसतील आणि तार शॉर्ट आहे असं वाटून तुम्ही हार्नेस (तारांचा जुडगा) उघडायला घ्याल. सिग्नल ५ टक्के वेळ अधिक ९ वर आणि ९५ टक्के वेळ उणे १२ वर असतो, मीटर त्याची सरासरी दाखवतो, एवढंच. मीही एकदा फसलो होतो, अर्धा दिवस गेला.

स्कोपवर वरची पातळी १२ व्होल्टवरच अडकली असेल तर गाडीच्या बाजूने पायलटचं सर्किट जुळलेलं नाही. ५ टक्के ड्यूटी आलीच नाही तर स्टेशनकडे बोट दाखवा. आणि ९ व्होल्ट, ५ टक्के सगळं व्यवस्थित असूनही गाडी मख्ख बसली असेल, तर दुखणं डिजिटल संभाषणात आहे. हे संभाषण त्याच तारेवर २ ते २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. गंजलेली क्रिम्प (तारेवर दाबून बसवलेला जोड) किंवा नीट न बसलेली पिन १ किलोहर्ट्झचा सिग्नल निवांत पलीकडे नेते, पण मेगाहर्ट्झचा सिग्नल तिथेच दम तोडतो. म्हणून एकाच पायलट तारेवर एसी चालतं आणि डीसी चालत नाही. गाडी आणि स्टेशन सुरुवातीला सिग्नल किती क्षीण होतोय हे मोजतात. आपण शेजारच्या गनशी नाही, याच गनशी बोलतोय, हे ओळखायची ती पद्धत आहे. पायलटची तार दुरुस्तीत कुणी इन्व्हर्टरच्या केबलला टाय मारून बांधली असेल, तर या मोजणीत घोळ होतो आणि गाडी कुठे चालते, कुठे नाही असा खेळ सुरू होतो.

इथली एक साधी युक्ती: गन लावल्यावर हाताने किंचित वर उचलून धरा. फास्ट चार्जरची केबल जड असते आणि तिच्या वजनाने गन खाली झुकते. उचलल्यावर सेशन सुरू होत असेल तर दोष गनच्या झिजलेल्या खाचेत किंवा इनलेटच्या वरच्या पिनांत आहे. पिन आत सरकली आहे का, ते टॉर्च मारून पाहा.

संभाषण जुळलं की गाडी आपल्या व्होल्टेज-करंटच्या मर्यादा सांगते, लॉक बसतं आणि केबलची तपासणी होते. निदानाच्या दृष्टीने माझी ही सगळ्यांत आवडती पायरी. गाडीचे डीसी कॉन्टॅक्टर अजून उघडे असतात. त्याच अवस्थेत स्टेशन केबलवर उच्च व्होल्टेज चढवतं आणि अर्थच्या संदर्भात इन्सुलेशन मोजतं. नियम प्रति व्होल्ट १०० ओहमचा, म्हणजे ५०० व्होल्टला ५० किलोओहमच्या खाली गेलं की सेशन बंद. प्रति व्होल्ट ५०० ओहमच्या खाली इशारा येतो. इन्सुलेशनचा दोष या क्षणी आला तर पॅक निर्दोष आहे, कारण तो अजून जोडलेलाच नाही. दोष स्टेशनच्या केबलमध्ये, गनमध्ये, इनलेटमध्ये किंवा इनलेट ते कॉन्टॅक्टर या तुकड्यात आहे. इनलेटच्या तळाचं पाणी निचरायचं भोक चिखलाने बुजलं असेल तर पाऊस पडून गेल्यावर नेमकी हीच तक्रार येते आणि वाळल्यावर जाते. तिथे पार्ट नको, एक पातळ नायलॉनची काडी पुरते.

हाच दोष कॉन्टॅक्टर बसल्यानंतर आला तर चित्र पालटतं. आता पॅक आणि गाडीतली उच्च व्होल्टेजची सगळी मंडळी रांगेत उभी राहतात: केबिन थंड करणाऱ्या एसीचा कॉम्प्रेसर, हीटर, डीसी-डीसी कन्व्हर्टर. त्यात माझा पहिला संशय कॉम्प्रेसरवर, कारण फास्ट चार्जिंगमध्ये पॅक थंड ठेवायला तोच पळतो. गाडीचा एसी आधी कुठे दुरुस्त झालाय का, हे मालकाला जरूर विचारा. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरला पीओई तेल लागतं. साध्या गाड्यांचं पीएजी तेल थोडंसं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन घसरतं. तेलाच्या त्या चुकीपायी पॅक उतरवल्याचं मी पाहिलंय.

त्यापुढची पायरी प्री-चार्जची. स्टेशन आपला व्होल्टेज पॅकच्या व्होल्टेजला भिडवतं, फरक २० व्होल्टच्या आत आला की गाडी कॉन्टॅक्टर ओढते. यासाठी काही सेकंदच मिळतात. केबल तपासणीला मात्र ४० सेकंदांपर्यंत मुदत असते. म्हणून गाडी बराच वेळ ताटकळून थांबली तर मी आधी इन्सुलेशनकडे आणि लॉकच्या मोटरकडे वळतो. तपासणी पार करून झटकन पडली तर प्री-चार्जकडे, म्हणजे इनलेटकडच्या व्होल्टेज सेन्सरकडे आणि डीसी कॉन्टॅक्टरकडे. जाता जाता १२ व्होल्टची बॅटरीही पाहून घ्या. कॉन्टॅक्टरच्या कॉइल ओढताना तो पुरवठा दबला तर कंट्रोलर मध्येच रीसेट होतो आणि कोड भलत्याच पार्टचा येतो.

चार्जिंग संपवायला म्हणून स्टेशनचं लाल बटण दाबायची सवय काहींना असते, तेवढी मोडा. २०० अँपिअर वाहत असताना कॉन्टॅक्टर उघडायची वेळ आली की त्याच्या संपर्कांत आर्क होतो. असे बरेच झटके बसले की एक दिवस ते चिकटतात, आणि मग सेशनच्या शेवटी होणाऱ्या वेल्डिंग तपासणीत गाडी स्वतःलाच कुलूप घालते.

आता दहा-बारा मिनिटांचं दुखणं. एवढा वेळ चालून बंद पडलं म्हणजे संभाषण, इन्सुलेशन, प्री-चार्ज सगळं पार झालंय. उरतं ते उष्णतेशी किंवा सेलशी निगडित, किंवा तसं भासणारं. त्या ‘भासणाऱ्या’चा किस्सा सांगतो, कारण तुमची केस मला तशीच वाटतेय.

माझ्याकडे आलेली गाडी अशीच होती. कोड इनलेटच्या अतितापमानाचा. मी इनलेट बदलला. आठवड्याने गाडी परत दारात. मग स्कॅनर जोडून, लाइव्ह डेटा रेकॉर्ड करत पूर्ण सेशन बसून पाहिलं. दोन्ही डीसी पिनांची तापमानं बरोबरीने चढत होती: ३८, ४१, ४५, ४८. आणि एका क्षणी अधिक पिन ४९ वरून थेट ८८. पुढच्या नोंदीला परत ५०. तांब्याची एवढी जाड पिन एका सेकंदात चाळीस अंश तापत नाही आणि निवत तर मुळीच नाही. खरी उष्णता उतारासारखी चढते, उडी मारते ती तार. इनलेटच्या मागे एक छोटा कनेक्टर असतो. पायलट, प्रॉक्सिमिटी (गन बसल्याचा इशारा), लॉकची मोटर आणि तापमान सेन्सर सगळे त्या एकातूनच जातात. मी इनलेटकडची अर्धी बाजू नवी बसवली होती, हार्नेसकडची जुनीच होती. ती उघडली तर एका तारेचं रबरी सील गायब आणि मागच्या पिनेवर हिरवट बुरशीसारखा गंज. सेन्सर पीटी-१००० जातीचा होता: शून्य अंशाला १००० ओहम, शंभर अंशाला १३८५. म्हणजे गंजाने १५० ओहम वाढवले की तापमान जवळजवळ ३९ अंशांनी फुगून दिसतं. स्टेशनच्या कंपनाने, उष्णतेने पिन जराशी हलली की गाडीला वाटायचं इनलेट पेटतोय. त्याच कनेक्टरातली पायलटची पिनही गंजू लागली होती, म्हणून कधीकधी सेशन सुरूच व्हायचं नाही. दोन तक्रारी, मूळ एक. तुमच्याकडे सेन्सर एनटीसी जातीचा असेल तर उलट होतं: रेझिस्टन्स वाढला की तापमान खोटं थंड दिसतं. म्हणून आधी सेन्सरची जात पाहा.

उतार खरा निघाला तर दोन्ही पिनांची तुलना करा. दोन्ही सारख्याच वेगाने तापत असतील तर त्याच गाडीला दुसऱ्या स्टेशनवर नेऊन पाहा. झिजलेली गन हे नेहमीचं कारण, आणि अशी गन पुढच्या गाड्यांच्या पिनाही खराब करत जाते. एकच पिन पुढे पळत असेल तर तो जोड तुमचा आहे. पिनेचा पृष्ठभाग, तिच्या मागची क्रिम्प आणि जंक्शन बॉक्समधली लग पाहा. इनलेट बदलताना त्या लगचा बोल्ट उघडलाच असणार. तो टॉर्क रेंचने घट्ट केला होता की ‘हाताच्या अंदाजाने’? गरम झालेल्या लगची कडा निळसर-जांभळी होते आणि शेजारचं प्लास्टिक पिवळं पडतं, डोळ्यांना दिसतं. दिसलं नाही तर मिलिओहम मीटरने मोजा, साध्या मल्टिमीटरला ते जमत नाही.

हे सगळं उघडण्याआधी सर्व्हिस डिस्कनेक्ट (उच्च व्होल्टेज तोडणारा प्लग) काढा, कॅपॅसिटर रिकामे व्हायला निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबा, क्लास ० चे हातमोजे घाला आणि ६० व्होल्टच्या खाली गेल्याची मीटरने खात्री करा. मीटर आधी व्होल्टेज माहीत असलेल्या स्रोतावर तपासा, मग गाडीवर लावा, मग पुन्हा त्या स्रोतावर. मेलेला मीटरही शून्यच दाखवतो.

तापमान दोन्हीकडे गुणी निघालं तर लाइव्ह डेटात दोन आकडे शेजारी ठेवा: गाडीने मागितलेला करंट आणि प्रत्यक्ष मिळालेला करंट. माझ्या मते फास्ट चार्जिंगच्या निदानात याहून उपयोगी जोडी नाही. मागणी २०० आणि मिळकत ९० असेल तर गाडी सोडा, स्टेशन आखडतंय: एखादं पॉवर मॉड्यूल गेलंय, शेजारच्या गनवर दुसरी गाडी वाटा घेतेय किंवा केबल तापलीय. मागणीच ९० असेल तर गाडीने स्वतःहून हात आवरलाय, आणि का, ते बीएमएसला विचारायचं. वेगाबद्दल भांडायला येणाऱ्या निम्म्या ग्राहकांना मी गुणाकार करून दाखवतो. फलकावर १५० किलोवॉट लिहिलंय, पण केबल २०० अँपिअरची आणि गाडी ३५० व्होल्टची, तर ७० किलोवॉटच मिळणार. त्यात बिघाड काही नाही.

बीएमएस मागणी का कमी करतो याची कारणं मोजकीच आहेत. पॅक थंड असेल तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता पृष्ठभागावर धातू होऊन साचू लागतं, म्हणून करंट कापला जातो. पॅक गरम असेल तर चिलर (पॅकचं कूलंट थंड करणारा भाग), कूलंट पंप आणि गॅसचं प्रमाण तपासा. केबिनचा एसी बरा लागतोय म्हणजे गॅस पुरेसा आहे असं नाही, कारण चार्जिंगच्या वेळी चिलर केबिनपेक्षा जास्त ओढू शकतो. तिसरं कारण सेलचं. भर करंटखाली सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलच्या व्होल्टेजमधला फरक लिहून घ्या, आणि करंट बंद झाल्यावर दहा मिनिटांनी तोच फरक पुन्हा. करंटखाली मोठा आणि विसाव्यात नाहीसा होत असेल तर त्या सेलचा किंवा त्याच्या बसबार वेल्डचा रेझिस्टन्स वाढलाय. विसाव्यातही तसाच राहिला तर असमतोल आहे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकमध्ये मात्र विसाव्यातला फरक मधल्या चार्जला फसवा असतो, कारण त्याचा व्होल्टेज मध्यभागी सपाट चालतो. तिथे आधी एसीवर सावकाश १०० टक्क्यांपर्यंत भरा, बॅलन्सिंगला (सगळे सेल एका पातळीवर यायला) वेळ द्या, मग मोजा.

तुमच्या गाडीकडे परत येतो. सगळ्यात आधी इनलेटच्या मागचा तो छोटा कनेक्टर उघडा आणि हार्नेसकडच्या पिना भिंगातून पाहा. सील जागेवर आहेत का ते बघा. जोडलेल्या अवस्थेत हार्नेस हलवत लाइव्ह डेटात पिनांचं तापमान पाहा, आकडा उडाला तर तिथेच थांबा. तो स्वच्छ निघाला तर जंक्शन बॉक्समधला लगचा बोल्ट. तोही ठीक असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन स्टेशनांवर एकेक पूर्ण सेशन रेकॉर्ड करा. त्यात दोन्ही डीसी पिनांचं तापमान, मागितलेला आणि मिळालेला करंट, सर्वांत वरचा आणि खालचा सेल आणि पॅकचं तापमान असू द्या. ते आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.